दुसऱ्या शिडाचा शोध

प्रणाली : मधोमध नाही काका. पुढून साडेपाच फुटांवर एक कट आणि मागून पाच फुटांवर दुसरा. पुढचा तुकडा भिंतीला उभा करायचा, त्यात कपांची शेल्फं. मागचा तुकडा म्हणजे काउंटर.

मनोहरराव : आणि मधले साडेतीन फूट?

प्रणाली : ते वेस्ट.

मनोहरराव : बसायची जागा तिथेच आहे.

प्रणाली : कॅफेत बसायला खुर्च्या आहेत ना.

मनोहरराव : बरोबर आहे. चुकलं माझं. बोट म्हटली की माणसाला उगाच बसावंसं वाटतं.

अंजनाबाई : पोरी, आधी पन्हं घे. किती वेळची टेप घेऊन पार्किंगमध्ये वाकून राहिली होती. चेहरा पाह्य, लाल झाला नुसता.

प्रणाली : थँक्यू काकू. सुतार चार वाजता येतो म्हणाला. टेम्पो पण तेव्हाच. तुकडे केले की एका चकरीत जाते.

अंजनाबाई : चार म्हणजे आता दीड तासात. अवो, ऐकलं का?

मनोहरराव : ऐकलं. मी बहिरा नाही, थकलेला आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

प्रणाली : काका, ऐनवेळी नाही तर म्हणणार नाही ना? माझं हे पहिलंच मोठं काम आहे. रविवारी ओपनिंग, कॅफेचे मालक पियुषदादा, त्यांनी कार्डंपण वाटली. जरीपटका एरियात असा कॅफे कोणाचाच नाही. पूर्ण समुद्र थीम.

मनोहरराव : मासे असतील मग.

प्रणाली : नाही, प्युअर व्हेज.

मनोहरराव : शुद्ध शाकाहारी समुद्र. चांगलं आहे. बेटा, घाबरू नकोस. नाही म्हणायला ताकद लागते. एकोणीस वर्षं ही बोट या पार्किंगमध्ये आहे. तेवढ्या काळात सोसायटीचे सहा सेक्रेटरी झाले आणि सहाही जणांनी पहिली नोटीस हिच्यावर काढली. आत्ताचे सुशीलबाबू त्यातल्या त्यात कर्तबगार. उद्या सकाळी इथे फरशीचे गट्टू बसवणारी माणसं येणार. आज संध्याकाळपर्यंत बोट हलली नाही तर भंगारवाला नेईल, असं त्यांनी सही-शिक्क्यानिशी कळवलं आहे. तेव्हा एकीकडे भंगार, दुसरीकडे कॉफी. मी कॉफी निवडली.

अंजनाबाई : रात्रभर झोपले नाई आणि म्हणे निवडली.

मनोहरराव : कूलरचा आवाज येत होता.

अंजनाबाई : कूलर तं मार्चपासून चालू आहे.

प्रणाली : काका, एक काम राहिलं. शेल्फच्या बाजूला छोटी पितळी पाटी लावायची आहे. बोटीचा प्रकार, लांबी, रुंदी. खाली कोड, कस्टमर स्कॅन करेल. लांबी चौदा फूट, रुंदी पावणेसात, ते मी घेतलं. प्रकार काय लिहू?

मनोहरराव : लिही, स्लूप. स्वल्पविराम. अपूर्ण.

प्रणाली : अपूर्ण?

मनोहरराव : एक शीड हरवलेलं आहे.

प्रणाली : पाटीवर अपूर्ण कसं लिहू काका? लोक पैसे देऊन कॉफी प्यायला येणार.

मनोहरराव : मग नुसतं स्लूप लिही. पण खोटं होईल ते. हे बघ, शिडाची बोट ओळखायची तर आधी काठ्या मोजायच्या. मग शिडं. मग मागे कुठे काय आहे ते बघायचं. तुझ्या कॅफेच्या भिंतीवर चित्रं आहेत म्हणालीस ना, दाखव.

प्रणाली : ही बघा. ही ना मोठी आहे, एकदम रॉयल.

मनोहरराव : स्कूनर. दोन डोलकाठ्या, मागची उंच. पुढची?

प्रणाली : ही काउंटरच्या मागे येईल.

मनोहरराव : केच. दोन काठ्या, पण मागची बुटकी, आणि सुकाणूच्या पुढे. तीच काठी सुकाणूच्या मागे गेली की तिला यॉल म्हणायचं. फरक दोन फुटांचा असतो, पण केचवाला यॉलवाल्याशी बोलत नाही. ही तिसरी कटर. काठी एक, पण नाकाकडे दोन तिकोनी शिडं. एक मोठं आणि त्याच्यापुढे एकच तिकोनी असलं तर स्लूप.

प्रणाली : तुम्ही खूप बसले असाल ना बोटीत?

मनोहरराव : एकदा. शाळेच्या सहलीत, रामटेकला. वल्ह्याची होती. मला मळमळलं.

अंजनाबाई : आणि ज्ञान पाह्य. बिस्किटाच्या डब्यावर नाव दिसली का डबा उलटा करून पाहतात. बिस्किटं खाली.

मनोहरराव : पस्तीस वर्षं मी बांधकाम खात्यात आरेखक होतो. मोऱ्या काढल्या. नाल्यावरच्या, रस्त्याखालच्या. मोरीकडे पाहिलं की नजर लगेच अडकते, तिचं कामच ते. पण चांगल्या बोटीच्या कडेवर नजर ठेवली की ती नाकापासून निघते, पोटापाशी जरा खाली उतरते आणि मागे पोचेपर्यंत कुठे थांबत नाही. ही एक रेघ मला एकाही मोरीत काढता आली नाही. म्हणून लिलावात हिला बघितलं आणि बोली लावली. कामठी रोडला एक जलक्रीडा मंडळ बुडालं होतं.

प्रणाली : बुडालं?

मनोहरराव : बंद पडलं. पाण्यात उतरण्याआधीच. तिथून ही आणली. एक डोलकाठी, एक चौकोनी शीड, त्याच्यावर तिरकी काठी, सुकाणू, सगळं होतं. फक्त पुढचं तिकोनी शीड नव्हतं. आणि कोणत्या तरी आधीच्या शहाण्याने डोलकाठी पार नाकावर नेऊन बसवलेली. काठी तीन फूट मागे हवी. मी दुरुस्तीचे नकाशे काढले, अकरा. पूर्ण आकाराचे.

प्रणाली : मग चालवली का नाही कधी?

मनोहरराव : अपूर्ण होती म्हणून. नोकरीत मी अर्ध्या पुलांची उद्घाटनं बघितली आहेत. फीत कापून झाली की साहेब पलीकडे जायला निघायचे आणि आम्ही त्यांना धरायचो. म्हटलं, घरी तरी तसं नको. शीड मिळू दे, मग पाण्यात घालू. मुंबईला पत्रं लिहिली, कोचीला लिहिली. हातात स्मार्टफोन आला तेव्हा फोनलाही विचारलं.

प्रणाली : फोनला काय विचारलं?

मनोहरराव : विचारलं, चौदा फुटी बोटीचं हरवलेलं पुढचं शीड कुठे मिळेल. त्याने सोळा दुकानं दाखवली. नागपुरात एकही नव्हतं.

प्रणाली : थांबा काका, मी आत्ता साइडने फोटो काढला ना, तो टाकून बघते. पाटीसाठी इंग्लिश स्पेलिंगपण मिळेल.

मनोहरराव : टाक. मागच्या महिन्यात याच पद्धतीने त्याने हिच्या पुरणपोळीला ऑम्लेट म्हटलं होतं.

प्रणाली : आलं. कॅटबोट.

मनोहरराव : काय?

प्रणाली : कॅटबोट लिहिलं आहे. पहिल्या पाचही रिझल्टमध्ये तेच.

अंजनाबाई : मांजरीची नाव?

मनोहरराव : असा प्रकार नसतो. मी बोटींचं पुस्तक सतरा वेळा वाचलं आहे.

प्रणाली : आहे ना काका, ऐका. एक डोलकाठी, अगदी नाकाजवळ.

मनोहरराव : ती कोणी तरी हलवलेली आहे.

प्रणाली : रुंदी लांबीच्या जवळजवळ निम्मी. चौदाचे निम्मे सात. आपली पावणेसात.

मनोहरराव : योगायोग.

प्रणाली : सुकाणू दरवाज्यासारखं रुंद.

अंजनाबाई : अवो, ते आपलं! संडासाच्या दारापेक्षा मोठं आहे. मी तवाच म्हणत होती, एवढं काहून.

प्रणाली : पोटात एक पेटी, तिच्यातून खाली सोडायची फळी. उथळ पाण्यात ती वर ओढून घेता येते.

मनोहरराव : अशी फळी स्लूपलाही असते.

प्रणाली : आणि शीड एकच. मोठं, बहुतेक चौकोनी, वरती तिरकी काठी. पुढे दुसरं शीड नसतं.

मनोहरराव : नसतं म्हणजे हरवलेलं असतं.

प्रणाली : नाही काका. नसतंच. बनवतच नाहीत. एकट्या माणसाला चालवायला सोपी पडावी म्हणून एकच.

मनोहरराव : अंजना, पुस्तक आण.

अंजनाबाई : तुमच्याच मांडीखाली आहे. सकाळपासून त्याच्यावरच बसले आहा.

प्रणाली : हे? काका, हे तर पान एकेचाळीसपासून सुरू होतं.

मनोहरराव : सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलं. रद्दीतून आलेलं होतं. पुढची पानं नव्हती, पण मजकूर व्यवस्थित सुरू होतो. प्रकरण दुसरं, स्लूप.

प्रणाली : मग प्रकरण पहिलं?

मनोहरराव : प्रस्तावना असेल.

प्रणाली : चाळीस पानांची?

मनोहरराव : इंग्रज माणूस आहे. आभार मानत बसला असेल. बायकोचे, कुत्र्याचे, छापणाऱ्याचे.

प्रणाली : मागे शब्दांची यादी आहे की. ती बघितली नाही कधी?

मनोहरराव : रोज बघतो. केच कुठे आहे, कटर कुठे आहे. यादीत माणूस त्याला माहीत असलेलाच शब्द शोधतो.

प्रणाली : सी... सीए... हे बघा. कॅटबोट. पान नऊ ते चाळीस.

(बाहेर पार्किंगमध्ये कोणाची तरी दुचाकी सुरू होते आणि निघून जाते. कूलरचं पाणी टपटपत राहतं.)

अंजनाबाई : अवो. पाणी देऊ का?

मनोहरराव : बत्तीस पानं.

अंजनाबाई : काय?

मनोहरराव : नऊ ते चाळीस. बत्तीस पानं लिहिली आहेत त्याने हिच्यावर. एवढी कोणावरच लिहिलेली नाहीत. केचला अठरा आहेत.

प्रणाली : काका, सॉरी. मी उगाच टाकला फोटो.

मनोहरराव : तुझा काय दोष. पण पुरावा पुरेसा नाही. यादी छापणाऱ्याची असते, फोन फोनचा असतो. डोलकाठी आधी मागे असेल आणि नंतर पुढे आणली असेल तर? लाकडात जुनी खाच असणार. कोणी तरी सफाईने बुजवली असणार. म्हणून तर मला सापडली नाही.

अंजनाबाई : नाई आहे खाच.

मनोहरराव : तुला काय माहीत?

अंजनाबाई : मले नाई तं कोणाले माहीत? एकोणीस दिवाळ्या त्या नावेले जवसाचं तेल कोण लावून राहिलं? तुमी खुर्ची टाकून सांगा, इकडे राह्यलं, तिकडे राह्यलं. हात माहाच फिरे. एकेक भोक मले पाठ आहे. सत्तावन्न भोकं आहेत, त्यातले चौदा मी पुट्टी भरून बुजवले. डोलकाठीच्या मागं तीन फूट लाकूड कोरं आहे. तिथं कधी काही बसलंच नाई. आणि नाकावर कडी नाई, खिळा नाई, खिळ्याचं भोकबी नाई. दुसरं शीड असतं तं त्याले बांधत कुठी?

मनोहरराव : हे तू मला आज सांगते?

अंजनाबाई : आज? कोचीले पत्र लिहून राहिले होते तवा सांगतलं. म्हटलं, ह्या नावेले दुसरं कापड लागाची जागाच नाई. तुमी चष्म्यावरून पाह्यलं आणि म्हणाले, अंजना, तुले नाई समजत, हे तंत्र आहे.

मनोहरराव : असं म्हणालो?

अंजनाबाई : मंग पत्रातल्या स्पेलिंग पाहाले लागले.

प्रणाली : काकू, तुम्ही मग काही बोलल्या नाही?

अंजनाबाई : बोलली नाई, विणलं.

प्रणाली : काय विणलं?

अंजनाबाई : ते दुसरं शीड. कुठी भेटून नाई राहिलं तं हे म्हणाले, तुमी उमरेडचे, तुमच्या घरी माग आहे, तिकोनी कापड विणून दे. मी विणून देल्लं. जाड सुताचं, दोन हिवाळे लागले.

मनोहरराव : जागा नाही हे माहीत असून?

अंजनाबाई : माहीत असून.

मनोहरराव : काहून वं?

अंजनाबाई : आता काय सांगू ह्या पोरीसमोर.

प्रणाली : मी बाहेर जाऊ का?

अंजनाबाई : बस, बस. ऊन आहे. हे पाह्य, माह्या बाबाचा माग होता उमरेडले. खड्ड्यातला. बाबा गेले, माग बंद पडला. भाऊ, आमचा बाबनराव, म्हणे काढतो तिथून, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकाचं आहे. बरोबर आहे त्याचं. लुगडं कोण घेते आता. मी लग्नाआधी त्या मागावर बसत होती. नंतर इकडे आली, स्वयंपाक, लेकरं, ह्यांच्या मोऱ्या. मनात होतं का एकदा बसावं. पन कोणाले सांगावं कसं? काही कारण पाह्यजे ना. मंग ह्यांचं शीड हरवलं. मी बाबनले म्हटलं, थांब गा, माग काढू नको. तुह्या भाऊजीची नाव अडली आहे.

मनोहरराव : मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो.

अंजनाबाई : हो. घरी कोणाशी बोलत नव्हते. पेपर उघडा, पेपर बंद करा. उमरेडले आले माह्यासंग आणि मागाच्या बाजूले चटईवर बसून हेच पुस्तक वाचून दाखवलं. मले इंग्रजी समजेना. पन बोलत तं होते. दोन हिवाळे बोलले. खाच नाई हे मी तवा पटवून देल्लं असतं तं तिथंच संपलं असतं सगळं.

प्रणाली : मग ते शीड आता कुठे आहे?

अंजनाबाई : गच्चीवर. त्याच्यावर कुरडया वाळवतो. चांगलं कापड आहे, चिकटत नाई.

मनोहरराव : अंजना.

अंजनाबाई : काय?

मनोहरराव : म्हणजे ती पूर्ण आहे.

अंजनाबाई : आहे.

मनोहरराव : आणली त्या दिवशीही होती.

अंजनाबाई : होती.

मनोहरराव : बेटा, किती वाजले?

प्रणाली : तीन वीस. काका, तुम्ही असं नका बघू माझ्याकडे. प्लीज.

मनोहरराव : मी फार विचार करून बोलत नाही, विचार करायलाही आता बसावं लागतं आणि मी आधीच बसलेलो आहे. पण मी कापायला हो म्हटलं ते एका कारणासाठी. वाटलं, जे मुळातच अर्धवट आहे ते आणखी अर्धवट झालं तर काय बिघडणार. आता ते कारण राहिलं नाही.

प्रणाली : काका! मी पियुषदादाले काय सांगू? सुतार निघाला, टेम्पो निघाला. भिंतीत अँगल ठोकून झाले. तुम्ही शब्द दिला होता!

मनोहरराव : दिला होता. एका स्लूपबद्दल.

प्रणाली : असं थोडीच असते काका! मी लहान आहे, मला बोलता येत नाही म्हणून तुम्ही...

अंजनाबाई : रडू नको वं. अवो, काही तरी सांगा तिले. पोरीचं पह्यलं काम आहे.

मनोहरराव : भिंत किती लांब आहे?

प्रणाली : कोणती?

मनोहरराव : जिला बोट टेकवणार होतीस ती.

प्रणाली : अठरा फूट. काहून?

मनोहरराव : त्या कपाटावर नळकांडी आहेत, ती काढ. हळू. ट्रेसिंगचा कागद जुना आहे. पसर जमिनीवर.

प्रणाली : हे तुम्ही काढलं? हातानं?

मनोहरराव : फोनला तेव्हा ऑम्लेटही ओळखता येत नव्हतं. चौदा फुटी बोट, चौदा फुटी नकाशा. अकरा आहेत. बाजूने, वरून, मधून कापून. कापायची ती मी कागदावर कापलेली आहे. डोलकाठी तीन फूट मागे आणि पुढे तिकोनी शीड.

प्रणाली : पण ही बोट तर...

मनोहरराव : अशी बोट जगात कुठेच नाही. शाकाहारी समुद्रासाठी अगदी योग्य. कोणी ओळखणार नाही, कोणी परत मागायला येणार नाही.

प्रणाली : हे पोटाकडचे आकडे किती बारीक लिहिले आहे काका. एक मिनिट, मी फोटो पाठवून कॉल करते... हॅलो दादा. हां. नाही, बोट कॅन्सल. ऐकून तर घे. फोटो पाठवला बघ. हातानं काढलेलं आहे, पूर्ण साइझ. ओरिजिनल. अकरा पीस... हां, मागून लाइट टाकू, कागद पारदर्शक आहे... नाही, कपांची शेल्फं साधी लावते. तसंही बोटीच्या काउंटरला बाथरूमच्या दिशेने उतार येत होता... फोटो चांगले येतील, हो. सेल्फीत पूर्ण भिंत येईल... ठीक. ठेवते.

अंजनाबाई : काय म्हणे?

प्रणाली : म्हणे, याच्यात वजन कमी आहे, हेच चांगलं. आणि बोटीचा प्रकार विचारला पाटीसाठी.

मनोहरराव : लिही, स्लूप. पूर्ण.

अंजनाबाई : ते सगळं झालं. नावेचं काय? सुशीलबाबू सहा वाजता गेटवर उभा राहते. तो काही पुस्तक वाचून नाई आला.

मनोहरराव : तेच बघतो आहे. अंबाझरी तलावात सोडावी तर परवाने. माझ्याच्याने आता कोणत्याही खिडकीसमोर उभं राहवणार नाही.

प्रणाली : काका, टेम्पो तर येतच आहे. तुम्ही कुठे सांगाल तिथे तो नेईल. दोन तुकड्यांऐवजी एक.

मनोहरराव : तो दहा फुटी आहे. चार फूट बाहेर राहील.

प्रणाली : राहू द्या. शेवटी लाल फडकं बांधू. लोखंडाच्या सळाखी नेतात तशी.

अंजनाबाई : उमरेडले नेऊ. बाबनच्या वावराले लागून तलाव आहे. ढिवर लोकं जाळं टाकतात तिथं, बाबनचं त्यांच्याशी चांगलं आहे.

मनोहरराव : मे महिन्यात तलावात काय असतं अंजना? गुडघाभर पाणी.

प्रणाली : काका, यात लिहिलं आहे की. उथळ पाण्यासाठीच बनवली आहे ही. फळी वर ओढली की दोन फुटांत चालते.

मनोहरराव : दोन फुटांत?

प्रणाली : त्याहून कमी. इथे तर लिहिलं आहे, भरती-ओहोटीच्या चिखलातपण.

मनोहरराव : म्हणजे विदर्भासाठीच काढली असणार कोणी तरी. आणि मी तिला समुद्र शोधत होतो.

अंजनाबाई : थांबा, बाबनले फोन लावतो. हॅलो, बाबन? आम्ही येऊन राहिलो. संध्याकाळी. नाव घेऊन... नाव गा, तुह्या भाऊजीची. चार माणसं बोलावून ठेव उतरवाले... नाई, दुसरं शीड नाई भेटलं. लागतच नव्हतं. पुरी आहे ती... हो, आधीपासूनच पुरी होती... काही नाई झालं त्यांले. बसले आहेत समोर. ठेवतो.

प्रणाली : काकू, टेम्पो आला बहुतेक. हॉर्न वाजवून राहिला. मी सुताराला सांगते आरी ठेव आणि उचलायला हात लाव. खालच्या चौकीदारालाही बोलावते.

मनोहरराव : नाकाकडून धरू नका म्हणावं. पोटाखाली पट्टा घाला, कडेला हात लावू नका.

प्रणाली : हो काका. तुम्ही नका येऊ उन्हात, गच्चीवर चढताना त्रास होतो म्हणालात ना काल.

मनोहरराव : बोट गच्चीवर नाही, खाली आहे. येतो. तू हो पुढे.

अंजनाबाई : गेली पोरगी. चांगली आहे. आता तुमी काहून बसले परत? चला ना.

मनोहरराव : एक अडचण आहे.

अंजनाबाई : आता आखीन काय हरवलं?

मनोहरराव : हरवलं नाही. इतकी वर्षं बोट पाण्यात जाणारच नव्हती, म्हणून बोललो नाही. मला पोहता येत नाही.

अंजनाबाई : माहीत आहे.

मनोहरराव : कसं?

अंजनाबाई : कोणाले समजत नाई? बादलीतलं पाणी अंगावर घेताना डोळे मिटून घेता.

मनोहरराव : मग दोन फूट पाण्यात उलटलो तर?

अंजनाबाई : मले येते ना.

मनोहरराव : तुला पोहता येतं?

अंजनाबाई : नवव्या वर्षापासून. त्याच तलावात शिकली. बाबा सूत धुवाले नेत, आम्ही पोट्टे पाण्यातच.

मनोहरराव : सेहेचाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस.

अंजनाबाई : इथं प्रतापनगरात कुठी पोहू? घ्या, औषधाचा डबा खिशात टाका. आणि पाण्यात पडले तं हातपाय मारू नका उगाच. मी केस धरून काठावर आणन.

मनोहरराव : केस कुठे आहेत?

अंजनाबाई : मंग कॉलरचा सदरा घाला.